कोल्हापूरचे पेंटर : मांडलेले आणि राखलेले

थंडीच्या दिवसांतल्या एका सकाळी कोल्हापूरच्या टाऊन हॉल उद्यानात 'रंगबहार' संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते. झाडांच्या सावलीत गायक-वादक बसलेले असतात. त्यांच्या आसपास कुणी कागदावर जलरंग सोडत असतो, कुणी समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मातीत उतरवत असतो. तिकीट नाही, दालन नाही. समोरच्या सीपीआर रुग्णालयात आजाऱ्याला डबा घेऊन आलेला माणूसही घटकाभर चित्रकाराच्या पाठीमागे उभा राहतो. "डोळं जमलं बघा आता," असे अधिकारवाणीने सांगूनही जातो.

काही वर्षांपूर्वी तिथे एका वयस्क चित्रकारांना मी विचारले, "काका, इथे काढलेल्या चित्रांचे पुढे काय होते?" ब्रश धुता धुता ते म्हणाले, "काय व्हायचंय? घरात माणसांनाच जागा न्हाई. पोरगं म्हणतंय, बाबा, आता आणखी आणू नका."

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. नोकरी सांभाळून जुनी कागदपत्रे चाळण्याचा नाद लागला, एवढेच. पण काकांच्या त्या उत्तरानंतर कोल्हापूरच्या कलेचा इतिहास मी वेगळ्या बाजूने वाचू लागलो. या गावाने चित्रे काढली किती, हे सगळेच सांगतात. त्यातली राहिली किती आणि कशामुळे राहिली, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटू लागला.

सुरुवात अबालाल रहिमान यांच्यापासून करावी लागते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून, तिथे नाव कमावून हा चित्रकार गावी परतला. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. दरबारी म्हटले की भरजरी व्यक्तिचित्रे डोळ्यांपुढे येतात. अबालालांचा जीव मात्र पाण्यात, झाडांत आणि उतरत्या उन्हात रमला. कोटीतीर्थ तलावाच्या परिसरात ते राहत आणि आसपासचा निसर्ग रंगवत. १९२२ साली महाराज गेले. त्या दुःखात अबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटीतीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात आजही सांगितले जाते. ही आठवण शब्दशः घ्यावी की नाही, हा वेगळा मुद्दा. पण गावाने ती शंभर वर्षे सांभाळली, हे खरे. चित्रांपेक्षा चित्रे बुडाल्याची गोष्ट अधिक काळ टिकली. १९३१ साली अबालाल गेले. आज त्यांचे काम पाहायचे, तर इतरांच्या हाती गेल्यामुळे वाचलेल्या थोड्या चित्रांवरच भिस्त ठेवावी लागते.

अबालालांना राजाश्रय होता. त्यांच्यामागून आलेल्या पिढीला प्रेक्षकांचा आश्रय मिळाला. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता 'मेस्त्री' मागे पडले आणि 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव झाले. केशवराव भोसले यांच्या 'ललितकलादर्श'साठी त्यांनी पडदे रंगवले. ज्या काळात सामान्य माणसाने चित्रांचे प्रदर्शन पाहण्याचा प्रश्नच नव्हता, त्या काळात दरबार, रस्ता, बाग, अरण्य अशी भिंतीएवढी चित्रे त्याला नाटकाच्या तिकिटात पाहायला मिळत. छायाप्रकाश आणि खोली म्हणजे काय, हे गावाला पडद्याने शिकवले. माझ्या मते कोल्हापूरचे पहिले लोकप्रदर्शन हेच. बागेत चित्रकाराच्या पाठीमागे उभे राहून बिनधास्त मत देणारा प्रेक्षक घडला, तोही इथेच.

पण पडदा हा मुळातच झिजण्यासाठी असतो. तो गुंडाळायचा, उलगडायचा, गावोगाव न्यायचा. घडीवर रंगाचे पोपडे निघाले की त्यावर पुन्हा हात फिरवायचा. नवे नाटक आले की जुना पडदा अडगळीत. त्यावर चित्रकाराची सही शोधायला कोण जाणार?

१९१६ साली आनंदराव अकाली गेले. चलच्चित्राचे जे स्वप्न दोघांनी मिळून पाहिले होते, ते बाबूरावांनी पुढे नेले. स्वतःच कॅमेरा तयार केला, 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. दामले, फत्तेलाल आणि शांताराम याच कंपनीत घडले आणि १९२९ साली 'प्रभात' घेऊन बाहेर पडले. म्हणजे मराठी चित्रपटाची एक मोठी शाखा थेट रंगवलेल्या पडद्यातून फुटली. आणि आज? 'सैरंध्री' आपल्याला पाहता येत नाही. १९२५ सालचा मूक 'सावकारी पाश', ज्याच्या वास्तवदर्शनाचा उल्लेख चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात येतो, तोही नाही. आपण त्याबद्दल वाचतो, फक्त वाचतो.

मग राहिले काय? बाबूरावांचेच उदाहरण पुरेसे आहे. शिवाजी चौकातला शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा त्यांनी घडवला. तो धातूचा आहे, चौकात आहे आणि रोज शेकडो लोकांच्या नजरेखाली आहे. तो टिकला. त्याच माणसाने रंगवलेले कापड गेले, फिल्म गेली.

दुसरे उदाहरण जी. कांबळे यांचे. चित्रपटांची पोस्टरे रंगवणारा हा कोल्हापूरचा कलावंत. चित्रपट उतरला की पोस्टरही उतरायचे, हाच या व्यवसायाचा नियम. पण त्यांनी रंगवलेले शिवाजी महाराजांचे चित्र राज्य शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. त्याच्या छापील प्रती कचेऱ्यांत, शाळांत, घराघरांत गेल्या. ते चित्र लाखोंनी पाहिले आहे. चित्रकाराचे नाव मात्र त्यातल्या किती जणांना सांगता येईल?

तिसरे उदाहरण चंद्रकांत मांडरे यांचे. लोकांना ते रुपेरी पडद्यावरचे 'चंद्रकांत' म्हणून ठाऊक. पण चित्रीकरणासाठी जिथे जात तिथे ते निसर्गचित्रे काढत. पेस्टलमध्ये त्यांनी मनापासून काम केले, रांगोळीसारख्या कोरड्या रंगातूनही चित्रे उभी केली. त्यांचे वेगळेपण चित्रांच्या पलीकडेही आहे. राजारामपुरीतले स्वतःचे घर आणि तीनशेहून अधिक चित्रे त्यांनी हयातीतच शासनाच्या हवाली केली आणि तिथे संग्रहालय झाले. आपल्या माघारी काय होईल, हा प्रश्न त्यांनी नशिबावर सोडला नाही.

ही तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट लख्ख दिसते. कोल्हापुरात जे टिकले, ते धातूत ओतले गेले म्हणून, छापले गेले म्हणून, किंवा संस्थेच्या हाती सोपवले गेले म्हणून. निव्वळ गुणवत्तेवर काही टिकलेले नाही. एकच प्रत असलेले आणि घरच्या माळ्यावर ठेवलेले चित्र ओल, वाळवी आणि वाटण्या यांतून क्वचितच सुटते.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वसंध्या होती. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ साली सुरू झालेले हे रंगमंदिर काही तासांत भस्मसात झाले. गाव रस्त्यावर उभे राहून रडले. ते रडणे खरे होते, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचे पाहणे तिथे घडले होते. पण इमारत जळाली की आपल्याला धूर दिसतो. चित्रे जातात तेव्हा धूर निघत नाही.

म्हणून पुन्हा टाऊन हॉलकडे येतो. त्या बागेतल्या जुन्या इमारतीत १९४९ पासून वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंबरोबर कोल्हापूरच्या चित्रकारांची कामेही तिथे आहेत. भिंतीच्या आत राखलेले कोल्हापूर, भिंतीबाहेर मांडलेले कोल्हापूर; मध्ये काही पावलांचे अंतर. ते अंतर ओलांडायला फार पैसा लागत नाही. मैफलीच्या सकाळी एकाने वही घेऊन फिरावे. चित्रकाराचे नाव, गाव, गुरू कोण, शिक्षण कुठे झाले, चित्राचा विषय, माध्यम, आकार आणि चित्र शेवटी कुणाच्या घरी गेले, एवढे लिहावे. सोबत प्रत्येक चित्राचा एक फोटो. पन्नास वर्षांनी कुणी माझ्यासारखा हौशी माणूस धूळ झटकत बसेल, तेव्हा त्याला बुडाल्याच्या गोष्टीऐवजी निदान एक यादी मिळेल.

त्या काकांचा पत्ता तेव्हा मी लिहून घेतला नाही. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा ते दिसले नाहीत. माझ्या वहीत त्या दिवशीच्या तारखेखाली एकच ओळ आहे : 'जलरंग, नदीघाट, चांगले.' नाव नाही. इतरांकडे बोट दाखवण्याआधी ही चूक माझ्या खाती मांडून ठेवतो.