जॅझच्या दुर्मिळ तबकड्या आणि त्यांचे छांदिष्ट

ग्रामोफोनची एखादी जुनी तबकडी हातीं आली म्हणजे सामान्य रसिक तिच्यावर छापलेलें नांव वाचतो आणि ती यंत्रावर चढवितो. संग्राहकाची रीत निराळी. तो ती उजेडाकडे तिरपी धरतो आणि शेवटचा चर व मधला कागद यांच्यामध्यें जी गुळगुळीत काळी पट्टी असते, तींत कोरलेला एक बारीक आंकडा शोधतो. कागदावरील नांव खोटें असूं शकतें. कारण एकच ध्वनिमुद्रण दोन-तीन निरनिराळ्या वाद्यवृंदांच्या नांवांखालीं विकण्याची युक्ति कंपन्यांना चांगली अवगत होती. आंकडा मात्र मूळ मुद्रणाचा असतो. त्याच्या मागचे-पुढचे आंकडे जुळविले, कीं तें मुद्रण कोणत्या गांवीं व कोणत्या सुमारास झालें हें बहुधा उमगतें. असे आंकडे वह्यांतून उतरवून एकमेकांस कळविण्याचा छंद ज्यांस लागला, त्यांच्याविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहीत आहों. जॅझ या अमेरिकन संगीताचा इतिहास प्रथम त्यांनींच सिद्ध केला. आणि त्या इतिहासाचीं कांहीं पानें मुंबई-कलकत्त्याच्या वाट्याचीं असून तीं अद्याप अर्धींमुर्धींच भरलेलीं आहेत.

इतिहासाचें काम छांदिष्टांकडे कां जावें, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर या संगीताच्या स्वरूपांतच आहे. जॅझमधील वादक ठरीव चालीच्या आधारानें आयत्या वेळीं नवी रचना करितो. आपल्याकडील गवयाची तान जशी स्वरलिपींत पुरती सांपडत नाहीं, तशीच त्याची करामत कागदावर उतरत नाहीं. ज्या क्षणीं ती वाजली त्या क्षणाची तबकडी हाच तिचा एकमेव दस्तऐवज. आणि हे दस्तऐवज कोणीं जपले नाहींत. १९२० नंतर कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठीं अमेरिकेंत ज्या निराळ्या तबकड्या निघूं लागल्या, त्या गरिबांच्या वस्त्यांतील दुकानांत विकल्या गेल्या, पोलादी सुयांनीं झिजल्या आणि अडगळींत पडल्या. ग्रंथालयांनीं त्या घेतल्या नाहींत, आणि विद्वानांना त्यांत संगीत दिसलें नाहीं.

उदाहरणार्थ, इंडियाना प्रांतांतील रिचमंड हें गांव घ्या. तेथें पियानोच्या एका कारखान्याच्या आवारांत, आगगाडीच्या रुळांशेजारीं, जेनेट कंपनीची ध्वनिमुद्रणाची खोली होती. १९२३ च्या एप्रिल महिन्यांत शिकागोहून किंग ऑलिव्हर यांचा क्रिओल जॅझ बॅण्ड तेथें आला. मायक्रोफोन अद्याप या कामीं आलेला नव्हता. सर्वांनीं एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडासमोर दाटीनें उभें राहून वाजवावयाचें, असा तो काळ. त्या मंडळींत दुसरा कॉर्नेट वाजविणारा एकवीस वर्षांचा तरुण होता. त्याचें नांव लुई आर्मस्ट्राँग. पुढें जगभर गाजलेल्या या वादकाचें हें पहिलें ध्वनिमुद्रण. परंतु तबकडीवरील कागदावर छापलें गेलें तें वाद्यवृंदाचें नांव, त्याचें नव्हे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत याच वृंदानें जेनेटसाठीं वाजविलेल्या दोन चिजांची जी तबकडी ५२७५ या क्रमांकानें निघाली, तिची एकच प्रत संग्राहकांना ठाऊक आहे. ती कोणा एकाच्या हातून फुटली असती, तर त्या दोन चिजा जगांतून गेल्या असत्या.

१९३० नंतरच्या मंदीच्या काळांत कंपन्या बुडूं लागल्या. विस्कॉन्सिनमधील पॅरामाउंट कंपनीचें मुद्रण १९३२ मध्यें थांबलें, आणि तिचे बहुतेक मूळ धातूचे ठसे मोडींत गेले. याच सुमारास अमेरिकेंत आणि युरोपांत विखुरलेले थोडे तरुण जुन्या तबकड्यांच्या मागें लागले. न्यूयॉर्कमध्यें मिल्ट गेब्लर यांच्या कमोडोर या दुकानांत ते जमत, तबकड्या वाजवीत आणि वाद घालीत. १९३५ पासून गेब्लर यांनीं नामशेष झालेलीं कांहीं मुद्रणें पुनः छापविलीं, आणि त्यांच्या कागदावर वाजविणाऱ्या प्रत्येकाचें नांव घातलें. तोपर्यंत ही रीत नव्हती. पुढच्याच वर्षीं पॅरिसमध्यें शार्ल दलोने यांनीं ‘हॉट डिस्कोग्राफी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गाणें कोणतें, तारीख कोणती, क्रमांक कोणता आणि कोणत्या वाद्यावर कोण, एवढीच त्यांतील मजकुराची तऱ्हा. परंतु या रुक्ष यादीनें जें केलें तें कोणत्याही रसाळ चरित्रानें केलें नसतें. तिनें पडद्यामागील वादकांना नांवें दिलीं.

ही नांवें मिळालीं कशीं? कंपन्यांच्या दप्तरांत तीं क्वचितच होतीं. एक संग्राहक तबकडी ऐकून लिही, कीं दुसऱ्या कडव्यानंतर येणारें क्लॅरिनेट अमक्याचें वाटतें. दुसरा आपली प्रत वाजवून उत्तर देई, कीं त्या महिन्यांत तो गृहस्थ त्या शहरींच नव्हता. तिसरा एखाद्या म्हाताऱ्या वादकाला गांठून, त्याच्यासमोर तबकडी लावून, प्रत्यक्ष विचारून येई. ज्याच्याजवळ तबकडी होती त्याच्याजवळ माहिती नसे, आणि ज्याला आठवण होती त्याच्याजवळ तबकडी नसे. दोघांची गांठ पडल्याखेरीज सत्य हातीं लागणें शक्य नव्हतें. देवाणघेवाण ही या छंदाची नुसती शोभा नव्हे, तर ती त्याची पद्धतच होती.

त्यांना घाईही करणें भाग होतें. तबकडीचा मुख्य बंध म्हणजे चपडा, आणि चपडा होतो लाखेपासून. छोटा नागपुराच्या रानांत पळस, बोर आणि कुसुम यांच्या फांद्यांवर किडे जी लाख करितात, तीच या काळ्या तबकड्यांच्या देहांत असे. युद्धांत आशियाचे समुद्रमार्ग धोक्याचे झाले आणि लाख लष्करी कामासाठीं हवी झाली. तेव्हां १९४२ च्या एप्रिलांत अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं वापरावयाचा चपडा शेंकडा ७० नें कमी केला. जुन्या तबकड्या वितळविण्यासाठीं गोळा होऊं लागल्या. त्या ढिगांत काय काय गेलें याची यादी कोणाजवळही नाहीं.

या मंडळींची निव्वळ स्तुति करणें मात्र योग्य होणार नाहीं. पुष्कळांना ऐकण्यापेक्षां मिळविण्याची हांव मोठी होती; कांहींनीं दुर्मिळ प्रत दडवून ठेवण्यांत पुरुषार्थ मानला. शिवाय श्रद्धेनें त्यांचे कान कधींकधीं बधिर केले. ‘जॅझमेन’ या १९३९ सालीं निघालेल्या पुस्तकाच्या शोधांत त्यांना लुइझियानांतील न्यू आयबेरिया गांवीं बंक जॉन्सन हा विस्मृतींत गेलेला ट्रम्पेटवादक सांपडला. त्याचे दांत गेले होते; ते बसवून देण्यांत आले, वाद्य देण्यांत आलें आणि १९४२ मध्यें त्याचें ध्वनिमुद्रण झालें. हें कार्य थोरच. परंतु आपला जन्म १८७९ चा, असें त्यानें सांगितलें तें भाविकपणें मानलें गेलें, आणि त्या आधारावर जॅझच्या उगमाच्या तारखा ठरूं लागल्या. तो बराच धाकटा असावा, हें पुढें इतर संशोधकांनीं कागदपत्रें तपासून दाखविलें. चूक चर्चेमुळें झाली नाहीं. चर्चा थांबल्यामुळें झाली.

आतां ज्या पानांचा आम्हीं आरंभीं उल्लेख केला त्यांकडे वळूं. १९३५ मध्यें लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईंत ताजमहाल हॉटेलांत आला, आणि त्याच्या पाठोपाठ अनेक चांगले वादक या देशांत येऊन राहिले. रूडी जॅक्सन हा त्यांतलाच. १९२७ मध्यें ड्यूक एलिंग्टन यांच्या वृंदांत असतां त्यानें एक चाल आपली म्हणून त्यांना दिली, आणि तिच्यावरून ‘क्रिओल लव्ह कॉल’ ही कीर्तिमान तबकडी झाली. ती चाल वस्तुतः किंग ऑलिव्हर यांच्या १९२३ च्या एका तबकडींतील होती. जुनी तबकडी ज्यांच्या ध्यानांत होती त्यांनाच हें ओळखतां आलें. तोच जॅक्सन पुढें हिंदुस्थानांत येऊन कित्येक वर्षें येथें वाजवीत राहिला.

टेडी वेदरफोर्ड यांची कथा अधिक मोठी. १९२६ मध्यें शिकागोला आर्मस्ट्राँग यांच्या जोडीनें ज्या तबकडीवर त्यांचा पियानो उमटला, ती आजही संग्राहक आदरानें ऐकतात. त्याच वर्षीं ते आशियाकडे निघाले. शांघाय, मग मुंबई, मग कलकत्ता. १९३७ मध्यें पॅरिसची एक फेरी झाली, तेव्हां तेथें त्यांचा एकल पियानो मुद्रित झाला. युद्धकाळांत कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलांत त्यांचा वृंद होता आणि कोलंबियाच्या नांवानें त्यांच्या तबकड्या निघाल्या. १९४५ च्या एप्रिलांत, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, ते कलकत्त्यांतच पटकीनें वारले. ज्यांस शिकागोंत अर्ल हाइन्स यांचे प्रतिस्पर्धी समजत, त्यांचे नांव अमेरिकेंतील रसिक बहुतांशीं विसरले. कारण ज्या तबकड्या कलकत्त्यांत छापल्या व विकल्या गेल्या, त्या न्यूयॉर्कच्या दुकानांत कोण आणणार?

मुंबईचेंही तसेंच. क्रिकेट स्मिथ हे कॉर्नेटवादक १९१३-१४ मध्यें जेम्स रीझ युरोप यांच्या वृंदांत होते, म्हणजे जॅझच्या अगदीं उंबरठ्यावरच्या मुद्रणांत त्यांचा वांटा आहे. त्यांनीं १९३६ मध्यें मुंबईंत आपल्या वृंदासह ‘ताजमहाल’ नांवाचा एक फॉक्सट्रॉट मुद्रित केला. चाल मेना सायलस या येथील बगदादी यहुदी गृहस्थांची, वाजविणारे अमेरिकन. ही तबकडी पाऊण शतक कोणाच्या खिजगणतींत नव्हती. नरेश फर्नांडिस यांनीं मुंबईच्या जॅझयुगावर २०१२ सालीं ग्रंथ लिहिला, त्याचें नांवच तिच्यावरून ठेवलें, आणि मग ती पुनः कानीं पडूं लागली.

परंतु पाहुण्यांचा हिशेब लागला म्हणजे काम संपलें असें नाहीं. या पाहुण्यांच्या शेजारीं बसून गोमंतकीय वादक वाजवीत, आणि लौकरच त्यांचे स्वतःचे वृंद उभे राहिले. देवळाशेजारच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेंत लहानपणींच स्वरलिपि व व्हायोलिन शिकलेलीं हीं मुलें पोटासाठीं मुंबईस आलीं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नांवानें प्रसिद्धि पावले. त्यांस हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याचे आमचे सी. रामचंद्र यांनीं ‘अलबेला’ चित्रपटाच्या (१९५१) संगीतांत त्यांच्या ट्रम्पेटाचा उपयोग करून घेतला, आणि त्या चाली मराठी घरांघरांतून गुणगुणल्या गेल्या. गुणगुणणाऱ्यांस वादकाचें नांव मात्र माहीत नव्हतें, कारण तबकडीवर गायकाचें आणि फार झालें तर संगीतकाराचें नांव असे. रिचमंडच्या त्या कागदावर जो अन्याय झाला, तोच दादर-परळच्या स्टुडिओंत पिढ्यान्‌पिढ्या चालला. फरक इतकाच, कीं तेथें गेब्लर आणि दलोने निपजले आणि येथें फार उशिरां एखाद-दुसरा.

आमच्या मतें हें अज्ञान अद्याप थोडें तरी दूर करतां येईल. प्रत्यक्ष वाजविणारे आतां जवळजवळ सर्व गेले. पण वांद्रें-माहीमच्या आणि गोव्याच्या घरांत त्यांचीं छायाचित्रें आहेत, कामाच्या वह्या असतील, आणि ‘हें बाबांचें वाजविणें’ असें एका क्षणांत ओळखणारे मुलगे-मुली आहेत. दुसरीकडे चोरबाजारांत आणि माळ्यावरच्या पेट्यांत तबकड्या आहेत. या दोहोंची गांठ अजून पडावयाची आहे, आणि तिचा काळ आतां वर्षांनींच मोजावा लागेल. म्हणून आमच्या वाचकांपाशीं एकच मागणें. घर बदलतांना जुन्या तबकड्यांची पेटी मोडवाल्यास देण्यापूर्वीं एकेक तबकडी उजेडाकडे धरावी, कोरलेला आंकडा उतरवून घ्यावा, आणि ती जाणत्या माणसास ऐकवावी. ती मोलाची नसेल तर एक संध्याकाळ गाण्यांत गेली एवढेंच. आणि असेल, तर कोणाच्या तरी वडिलांस त्यांचें नांव परत मिळेल.