इन्शुलिन प्रतिरोध : निरोप पोहोचतो, दार उघडत नाही

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनारपट्टीवर भात किंवा तांदळाची भाकरी हेच मुख्य अन्न. जेवणानंतर त्यातील पिष्टाचे ग्लुकोज होते व ते रक्तात मिसळते. ते पेशींपर्यंत पोहोचावे म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन स्रवते. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी हे संप्रेरक वेगळे केले.

इन्शुलिन स्वतः पेशीत साखर नेत नाही. ते केवळ निरोप देते. पेशीच्या आवरणावरील रिसेप्टर या प्रथिनाला ते चिकटले की त्याचा आतला भाग जागा होतो आणि आयआरएस-१ या प्रथिनातील टायरोसीनवर फॉस्फेट बसवतो. त्या खुणेकडे पीआय-३ कायनेज ओढले जाते, त्याच्यामुळे एकेटी कार्यान्वित होते. परिणामी स्नायू व मेदपेशींत आत दडलेली ग्लुट-४ ही वाहक प्रथिने आवरणावर येतात आणि साखरेला वाट मिळते.

स्नायू व यकृतात मेद साठला की ही साखळी अडते. मेदातील काही घटक प्रोटीन कायनेज-सी या प्रथिनास चेतवतात व फॉस्फेट टायरोसीनऐवजी सेरीनवर बसते, असे मानले जाते. निरोप क्षीण होतो. स्वादुपिंड अधिक इन्शुलिन स्रवते. ते थकले की मधुमेह प्रकटतो.

हा मेद स्थूल शरीरातच असतो असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. मात्र पुण्याची बाळे स्नायूंत जितकी उणी होती, तितकी मेदात नव्हती. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचा देहभार निर्देशांक २२.३, परंतु मेद अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के!

म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजावी. भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात.

निसर्गाने एक आडवाटही ठेवली आहे. स्नायू राबू लागले की एएमपीके हे प्रथिन जागे होते आणि इन्शुलिनच्या निरोपावाचूनही ग्लुट-४ आवरणावर येते. जाळे ओढणारे व भातलावणी करणारे हात ही वाट नकळत वापरत आले. श्रम यंत्रांकडे गेले, तरी रोजच्या चालण्याने ती खुली ठेवता येते.