पोस्टकार्डापासून चौकोनी कोडापर्यंत

हल्ली दूरचित्रवाणीवर कार्यक्रम रंगात आला की पडद्याच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन उगवतो. मोबाइल समोर धरा आणि मत नोंदवा, असे निवेदक सांगतो. नातवंडे ते क्षणात करतात. तुम्ही-आम्ही चष्मा शोधेपर्यंत चौकोन गेलेला असतो. पण प्रेक्षकाकडून उत्तर मिळवण्याची ही खटपट सत्तर वर्षांची जुनी आहे.

१९५३ साली अमेरिकेत सीबीएसवर ‘विंकी डिंक अँड यू’ हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. पन्नास सेंटला एक पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा मिळे. तो टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा आणि नायक कुठे अडला की रंगखडूने त्याला पूल काढून द्यायचा. ज्यांच्याकडे पडदा नव्हता त्या मुलांनी थेट काचेवरच रेघोट्या ओढल्या! मात्र पूल काढा वा न काढा, नायक पलीकडे जायचाच. मुलांचे उत्तर स्टुडिओपर्यंत पोहोचतच नव्हते.

आपल्याकडे ते टपालाने पोहोचवले. १९९० साली दूरदर्शनवर ‘सुरभि’ सुरू झाले. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे तुम्हाला आठवत असतील. प्रश्नाचे उत्तर पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर पाठवायचे. एका आठवड्यात चौदा लाखांवर पत्रे आली. टपाल खात्याला हा भार झेपेना, म्हणून स्पर्धांसाठी दोन रुपयांचे वेगळे कार्ड काढावे लागले. पुढे एसएमएस आला. २००५ साली अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’ झाला तो अशाच मतांवर. पत्राचा मजकूर एका नावापुरता उरला, हे त्या जल्लोषात कुणाच्या ध्यानात आले नाही.

चौकोनी कोड मात्र टीव्हीसाठी जन्मलाच नव्हता. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतले चौकोन नीट पाहा. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ काढली तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ येते. छापील मजकुरात सहसा न आढळणारे प्रमाण त्यांनी मुद्दाम शोधले. त्यामुळे मोबाइल वाकडा धरला तरी कोड सापडतो. पेटंट असूनही कंपनीने वापराचे पैसे मागितले नाहीत, म्हणूनच तो भाजीवाल्याच्या गाडीपर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत सुपर बोल सामन्याच्या वेळी कॉइनबेस कंपनीने जवळजवळ मिनिटभर नुसता तरंगणारा कोड दाखवला. इतके लोक तुटून पडले की त्यांचे ॲप काही वेळ बंद पडले.

वेग वाढला, यात शंका नाही. पण मी होमिओपॅथीचा डॉक्टर. ‘दुखते का, हो की नाही’ एवढ्यावर माझे काम भागत नाही. कसे दुखते हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगावे लागते. पोस्टकार्डावर उत्तराखाली जागा उरायची. तिथे आपल्या गावाविषयी दोन ओळी लिहायला कुणाची मनाई नव्हती. कोड स्कॅन केला की बहुधा आधीच ठरवलेले चार पर्याय येतात. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या घरांचे म्हणणे त्या चारांत क्वचितच बसते.

कोडाच्या मागे मराठीत लिहिण्यासाठी एक मोकळी चौकट ठेवणे, किंवा आवाज नोंदवण्याची सोय करणे, तंत्राला मुळीच अवघड नाही. ते वाचायला आणि ऐकायला माणसे नेमावी लागतील, खर्च काय तो तेवढाच.