मोकळ्या वाडीत कोकम लावताना

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आंजर्ल्यात नारळ-पोफळी आडव्या झाल्या. रिकाम्या जागेत काय लावू विचारणाऱ्यांना मी कोकम सांगतो.

बियांची रोपं मात्र नकोत. त्यात निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळेपर्यंत सहा-सात वर्षं जातात! मादी झाडाचं कलम आणा. दापोली कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ लवकर तयार होते. परागासाठी एखादा नर असू द्या.

जून-जुलैत शेणखत घालून लावा. पहिले दोन-तीन उन्हाळे सावली, पाणी आणि बुंध्याशी पालापाचोळा हवाच. फुलं थंडीत, लाल फळं एप्रिल-मेमध्ये. पाऊस लागला की फळं कुजतात, आमसुलं वाळत नाहीत. म्हणून मेअखेर काढणी उरका. बिया टाकू नका, त्यांचं मुठेल निघतं. पायाच्या भेगांना आमच्याकडे तेच लावतात.