साखर वाढवणारी ‘घाण’: ग्लुकॅगॉनची गोष्ट

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप, ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी.

सुरुवात एका साध्या हिशोबाने करू. निरोगी माणसाच्या रक्तात, उपाशीपोटी, एकूण साखर किती असते? दर १०० मिलिलिटरला साधारण ९० मिलिग्रॅम. रक्त धरा ५ लिटर. गुणाकार केला की येतात साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आख्ख्या रक्तात फक्त एक चमचा साखर! आणि एकटा मेंदू दिवसाला जवळपास १२० ग्रॅम साखर खातो, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. या हिशोबाने रात्री अकराला झोपलेला माणूस बारापर्यंत बेशुद्ध पडायला हवा. पण आपण तर सकाळी मजेत उठतो आणि अलार्म स्नूझ करतो. मग रात्रभर साखर पुरवतं कोण?

इन्सुलिन आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण ते साखर कमी करतं. वाढवण्याचं मुख्य काम करणारं संप्रेरक वेगळं आहे, त्याचं नाव ग्लुकॅगॉन. दोन्ही एकाच स्वादुपिंडातून येतात, अगदी शेजारशेजारच्या पेशींमधून. तरीही एकाला नोबेल मिळालं आणि दुसऱ्याला पंचवीसेक वर्षं ‘औषधातली घाण’ यापलीकडे फारसं कोणी विचारलं नाही. आजची गोष्ट या दुसऱ्याची.

१८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले, समुद्रातल्या बेटांसारखे विखुरलेले. त्यांचं काम काय, हे त्याला सांगता आलं नाही. १८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला चक्क मधुमेह झाला. म्हणजे रक्तातल्या साखरेला आवर घालणारं काहीतरी इथेच होतं. पण ते बाहेर काढायचं कसं, यावर पुढची तीसेक वर्षं अनेकांनी डोकं आपटलं.

शेवटी ते जमलं टोरंटोमध्ये. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं. ११ जानेवारी १९२२ ला लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला त्यांच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं. त्याचं वजन होतं जेमतेम २९ किलो. साखर थोडी उतरली, पण सुई टोचली तिथे गळू झालं, कारण अर्कात नको त्या गोष्टी फार होत्या. मग जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिलं आणि या वेळी मुलगा खरंच सावरला. पुढे तो आणखी तेरा वर्षं जगला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. इन्सुलिनचा सगळा लढा शुद्ध करण्याचा होता. अर्कात इन्सुलिन असेल ते सोनं, बाकी सगळा कचरा. आणि नेमका त्याच कचऱ्यात दुसरा हिरो बसला होता.

झालं असं, की सुरुवातीच्या अर्कांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसायची. इंजेक्शन दिल्यावर साखर आधी थोडी वर जायची आणि मग खाली यायची. १९२३ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर इथे किंबॉल आणि मर्लिन यांनी स्वादुपिंडाच्या अर्कातून हा साखर वाढवणारा भाग वेगळा केला आणि त्याचं नाव ठेवलं ग्लुकॅगॉन. आमच्या सॉफ्टवेअरच्या दुनियेत लॉगमध्ये रोज एक वॉर्निंग येते, ॲप मात्र चालत असतं, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. ग्लुकॅगॉनचं तसंच झालं. दोष कोणाला द्यायचा? मुलं मरत होती, इन्सुलिन त्यांना वाचवत होतं. ज्या आजारात साखर आधीच जास्त, त्यात साखर वाढवणाऱ्या पदार्थाचं करायचं काय?

ही वॉर्निंग गंभीरपणे घेतली दोन तरुणांनी. ख्रिश्चन द दुव आणि अर्ल सदरलँड. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये, कोरी दांपत्याच्या प्रयोगशाळेत. बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, नष्ट केलेल्या प्राण्यांच्या स्वादुपिंडातही हा पदार्थ सापडत होता. मग तो इन्सुलिनचा तुकडा किंवा बिघडलेलं इन्सुलिन कसा असेल? १९४८ मध्ये त्यांनी बोट ठेवलं बेटांमधल्याच शेजारच्या अल्फा पेशींवर. ‘घाण’ म्हणजे खरं तर दुसरं संप्रेरक होतं.

१९५७ पर्यंत त्याची पूर्ण रचना कळली: २९ अमिनो आम्लांची एक साखळी. सदरलँड पुढे विचारत राहिला, की हा निरोप यकृताच्या पेशीच्या आत पोचतो कसा? त्याचं उत्तर शोधताना त्याला पेशीच्या आतला निरोप्या रेणू सापडला आणि १९७१ चं नोबेल मिळालं. द दुवची वाट यकृताच्या पेशींमधून लायसोसोमपर्यंत गेली, त्यालाही १९७४ मध्ये नोबेल मिळालं.

आता आपला सुरुवातीचा हिशोब सोडवू. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं, स्नायू आणि चरबी साखर आत घेतात, यकृत ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, साधारण १०० ग्रॅम. रात्री इन्सुलिन उतरतं आणि ग्लुकॅगॉन यकृताला सांगतं, ‘कोठार उघड.’ कोठार रिकामं होऊ लागलं, की अमिनो आम्लांपासून नवी साखर बनवायला लावतं. निर्जळी एकादशी करणारी आजी दिवसभर चालती-फिरती असते ती याच जोडीमुळे. (साबुदाण्याची खिचडी हाणून ‘एकादशी, दुप्पट खाशी’ करणाऱ्यांचं इन्सुलिनवरच भागतं!)

म्हणूनच मधुमेहाकडे फक्त ‘इन्सुलिन कमी’ म्हणून बघणं अर्धवट आहे. इन्सुलिन अल्फा पेशींनाही लगाम घालत असतं. टाइप १ मध्ये तो लगाम सुटतो, आणि रक्तात साखर तुडुंब असताना यकृत आणखी ओतत राहतं. उलट, काही वर्षांनी अशा अनेक रुग्णांमध्ये साखर खूप उतरली तरी ग्लुकॅगॉन हवं तसं वाढत नाही. इन्सुलिनचा डोस थोडा जास्त झाला किंवा जेवण राहून गेलं, तर शरीराचा ब्रेकच लागत नाही. माणूस घामाघूम होतो, थरथरतो, असंबद्ध बोलतो, बेशुद्धही पडतो.

यासाठी आज तीच जुनी ‘घाण’ औषध म्हणून मिळते. साखर धोकादायक उतरून शुद्ध हरपली, तर ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन देतात. नाकात मारायच्या पावडरलाही २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. आणि वजन कमी करण्यासाठी ओझेम्पिकची एवढी चर्चा आहे ना? ते ज्या जीएलपी-१ संप्रेरकाची नक्कल करतं, ते आतड्यात तयार होतं ते ग्लुकॅगॉनच्याच जनुकापासून.

जाता जाता कामाचं. तुमच्या हॉस्टेलवर, ऑफिसात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर एवढं ध्यानात ठेवा. साखर उतरली आणि शुद्धीत असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. ग्लुकॅगॉन जवळ असेल आणि कसं द्यायचं ते माहीत असेल, तर ते द्या.

एपिसोड आवडला तर ज्याच्या घरी ग्लुकोमीटर आहे अशा मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!