दूरदेशीची मराठी पाने

मराठी ग्रंथमुद्रणाचा आरंभ मुंबई-पुण्यास झाला, असा समज आपल्यांत रूढ आहे. वस्तुतः मराठीची अगदी आरंभीची छापील पुस्तके निघाली ती बंगालमध्ये, हुगळीकाठच्या श्रीरामपुरास. विल्यम केरी या धर्मोपदेशकाने तेथून 1805 साली मराठीचे व्याकरण व 1810 साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. कोशातील मराठी शब्द मोडीत आहेत. एका ओघात, बोरू न उचलता लिहावयाची ही लिपी. तिचे सुटे खिळे पाडणे हे केवढे कौशल्याचे काम! केरीस साहाय्य होते वैजनाथ शर्मा या पंडिताचे. केरीचे नाव सर्वतोमुखी झाले. पंडितजींचे मात्र अभ्यासकांपुरतेच उरले, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

11 मार्च 1812 रोजी त्या छापखान्यास आग लागली. कागद, खिळे, वर्षानुवर्षांची हस्तलिखिते भस्मसात झाली. खिळे ओतण्याचे मूळ पोलादी ठसे मात्र ढिगाऱ्यात शाबूत सापडले. वितळलेल्या धातूचेच पुन्हा खिळे ओतून काम सुरू झाले. ठसा उरला म्हणून अक्षर पुन्हा उमटले; हस्तलिखित गेले ते कायमचेच गेले.

दक्षिणेत तंजावरास सरफोजी राजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) सरस्वती महाल ग्रंथालय वैभवास नेले. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे व उपचारांच्या नोंदी आजही तेथे आहेत. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास 1803 साली शिलेवर कोरविला, तोही मराठीतच. तमिळ मुलखात राहून मराठी जपण्याची ही हौस आपल्या मंडळींस निराळी सांगावयास नको.

पुस्तकापेक्षाही पत्राची ओढ अधिक. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात 1750 ते 1761 या काळातील पत्रे आहेत. बखरकार पुढे काय घडले हे जाणून लिहितो. पत्रलेखकास उद्याची वार्ता ठाऊक नसते. पानिपतापूर्वीची पत्रे वाचताना अंगावर काटा येतो तो यामुळेच. ‘बहुत काय लिहिणे’ हा मायना ठराविक खरा, पण उत्तर भारतातील छावणीतून लिहिणाऱ्याच्या लेखणीतून तो आला की निराळाच भासतो.

चित्रांचे वेड अलीकडचे. 1909 साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि पुढे दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांनी ती रंगविली. परप्रांतातील घरी टपालाने अंक आला की आधी मुखपृष्ठ पाहावयाचे, मग मजकूर, हा क्रम बहुतेकांच्या परिचयाचा असेल.

आता थोडे आपल्या घरांविषयी. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, आणि आजोबांच्या हातची पत्रे नातवंडांस चित्रलिपीसमान झाली. बदलीच्या वा घर हलविण्याच्या गडबडीत अशी गाठोडी रद्दीत जातात. मोडी वाचणारी पिढी बहुतांशी गेली. तिच्याकडून ऐकलेले थोडे आज साठी-सत्तरीत असलेल्यांच्या स्मरणात आहे. पत्र कोणाचे, कोणास, कोणत्या गावाहून, एवढे तरी त्यांच्याकडून बाळबोधीत लिहून घेऊन पत्रासोबत ठेवावे. मोडी शिकविणारे वर्ग अद्याप चालतात. पत्र जपलेले असले, तर वाचणारा पुढेमागे भेटेल.