मोतीबिंदू

मोतीबिंदू : डोळ्याच्या बाहुलीमागील पारदर्शक भिंग गढूळ होऊन दृष्टी मंदावण्याचा विकार. तो बहुतांशी उतारवयात होतो. जगभरातील अंधत्वाचे ते प्रमुख कारण असले, तरी गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते.

कारणे : वयपरत्वे भिंगातील प्रथिनांचे पुंजके बनतात. मधुमेह, धूम्रपान, डोळ्याला लागलेला मार आणि स्टिरॉइडचा दीर्घकाळ वापर यांमुळे मोतीबिंदू लवकर येतो.

लक्षणे : डोळा सहसा दुखत नाही. धुरकट दिसते, रंग पिवळट वाटतात, रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर फाकतात. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की काही वृद्धांना चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो. नजर सुधारली असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात मोतीबिंदू वाढत असतो.

निदान : अक्षरतक्त्यावर नजर तपासतात. बाहुली मोठी करणारे थेंब घालून स्लिट लॅम्पने भिंग आणि मागचा पडदा पाहतात. डोळ्यातील दाबही मोजतात. काचबिंदूने किंवा मधुमेहाने आधीच झालेली हानी मोतीबिंदू काढून भरून येत नाही.

उपचार : थेंबांनी वा गोळ्यांनी मोतीबिंदू विरघळत नाही. फेको पद्धतीत सुमारे २ ते ३ मिमी. छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेतात आणि घडीचे कृत्रिम भिंग बसवतात. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे. या औषधाने बुबुळ सैल पडून शस्त्रक्रिया अवघड होते. नंतर काही आठवडे थेंब घालावे लागतात. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर उतरली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पुढे भिंगामागची पिशवी धुरकट झाल्यास ती लेझरने मोकळी करतात.

इतिहास : सुश्रुतसंहितेत शलाकेने मोतीबिंदूवर उपचार करण्याचे वर्णन आहे. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये फेको पद्धत आणली. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवल्याने ही शस्त्रक्रिया गरिबांच्या आवाक्यात आली.

मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याची आता गरज नाही. अतिपक्व भिंगातून प्रथिने झिरपून डोळ्यातील दाब वाढू शकतो. वाचन, स्वयंपाक, जिना उतरणे अशी रोजची कामे अडू लागली, की शस्त्रक्रियेची वेळ झाली असे समजावे.